कोयनेच्या बोअरमधली भरती-ओहोटी

कोयना-वारणा भागात एका निरीक्षण बोअरचा डेटा काढायला गेलो होतो. त्या बोअरला पंप नाही, आत फक्त पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर सोडलेला. लॅपटॉपवर ग्राफ उघडला तर पाणी दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, फरक जेमतेम काही सेंटिमीटरचा पण रोज नेमाने, आणि अमावस्या-पौर्णिमेला जरा जास्तच. वाचलेलं होतं हे सगळं, तरी आपल्याच बोअरमध्ये दिसल्यावर अंगावर काटा आला!

शेजारच्या शेतातले काका येऊन बघायला लागले. म्हणाले, "साहेब, भरती-ओहोटीच की ही. पण समुद्र तर घाटाखाली, त्याचं पाणी इथं कसं येईल?"

म्हटलं, समुद्राचा संबंधच नाही काका, चंद्र-सूर्य जमिनीलापण ओढतात. खडक ताणला जातो तो किती, तर दहा कोटी भागांत दोन-चार भाग, पण भेगांत कोंडलेल्या पाण्याला तेवढंही पुरतं. खडक सैलावला की पाण्याचा दाब उतरतो आणि पातळी खाली, आवळला की वर. म्हणजे चंद्र डोक्यावर आला की बोअरचं पाणी उतरतं!

काकांनी लगेच विचारलं, मग धरणामुळे भूकंप होतात ते कसं, आणि खरी गोष्ट तिथंच आहे. वरचं वजन खडक एकटा पेलत नाही, भेगांतलं पाणीही पेलतं. तलाव भरला की त्याच्या वजनाने खालचा खडक लगेच दाबला जातो, पण पाण्याचा वाढलेला दाब भेगाभेगांतून खोल पोचायला आठवडे, महिने जातात, आणि तो फॉल्टपर्यंत, म्हणजे खडक जिथं तुटून सरकतो त्या मोठ्या भेगेपर्यंत गेला की दोन्ही बाजूंची एकमेकांवरची पकड ढिली होते. कोयनेचा तलाव 1962 पासून भरायला लागला, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावसाळ्यानंतर इथले छोटे धक्के वाढतात त्यामागेही हेच धरतात.

"मग आधी कळंल का?" काका म्हणाले. त्यांच्या घरच्यांनी तो भूकंप बघितलेला, त्यामुळे उगाच धीर देणं मला पटेना. नाही म्हटलं, तारीख-वेळ कोणी सांगू शकत नाही. पण ही बारीक लाट ज्या बोअरमध्ये स्वच्छ उमटते तो बोअर खडकातला ताण नीट टिपतो, उद्या धक्का बसला तर खडक आवळला की सैलावला हे तिथंच दिसेल, म्हणून असल्या बोअरमधला सेन्सर एक दिवसही बंद पडता कामा नये असं मला फार वाटतं. त्या दिवशी बॅटरी बदलूनच निघालो, आता हवेच्या दाबाचा परिणाम वजा करून ग्राफ परत काढायचाय.