पाणी पडतं तिथं शिरत नाही

शाळेच्या अंकासाठी मनोगताची मागणी करणाऱ्या पत्रात संपादक मंडळानं ‘मुलांना प्रेरणा मिळेल असं लिहा’ अशी सूचना केली होती. प्रेरणेचं मला जमत नाही. मला गळती शोधता येते. गेली वीसेक वर्षं इस्रोत मी त्याचाच पगार घेतो. आणि ही विद्या आपल्या शाळेच्या छपरावर शिकलो, म्हणून तेवढंच लिहितो.

आमच्या वेळची इमारत कौलारू होती. खानापूर तालुक्यातला पाऊस, त्यातून जांबोटी-कणकुंबीची बाजू; मृग लागला की आठवीच्या वर्गात तीन बादल्या आणि एक पातेलं ठेवलेलं असायचं, आणि बाक त्यांच्या मधनं मांडायचे. दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून छप्पर नीट करणं, असे. शिपाईमामा आणि अंगानं हलकी अशी आम्ही चार पोरं वर चढायचो. पाय वाशावर पडेल असाच टाकायचा, नाहीतर एक कौल बदलायला जाऊन दोन फोडायची. पहिल्या वर्षी मी बादलीच्या बरोबर वरचं कौल बदललं आणि फुशारकीनं खाली उतरलो. जूनमध्ये बादली पुन्हा तिथंच! मामा हसले. म्हणाले, “पाणी पडतं तिथं शिरत नाही रे. वासा धरून वर जात जात बघ.” पाणी चार हात वरच्या चिरलेल्या कौलातून शिरत होतं, रिपेवरून वाशावर येत होतं आणि वाशाच्या गाठीशी अडून टपकत होतं. बदललेलं कौल बिचारं धडधाकट होतं.

१९९६ ला एसएसएलसी, म्हणजे दहावी झालो. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला बेळगावात गेलो आणि एका रात्रीत सगळे विषय इंग्रजीत झाले. पहिले सहा महिने उत्तर येत असूनही हात वर केला नाही, एवढंच त्या काळाबद्दल सांगण्यासारखं. १९९८ ला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ त्याच वर्षी बेळगावात सुरू झालं आणि आम्ही त्याची पहिली तुकडी. नवा अभ्यासक्रम आम्हाला आणि मास्तरांना एकदमच कळत गेला.

सुट्टीत उद्यमबागला, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कामाला जात असे. बेळगावच्या फौंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचं काम कुठं कुठं जातं हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. एका लहान कारखान्यात मी व्हॉल्व्हच्या जोडणीवर होतो. ब्लॉकमध्ये दोन भोकं एकमेकांना छेदतात तिथं ड्रिलनं धातूची बारीक बर उभी राहते, ती काढायचं काम माझ्याकडे. एका खेपेला कंटाळा केला. केसाएवढी बर सुटून स्पूलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्यात, अडकली आणि गिऱ्हाइकानं अख्खा माल परत पाठवला. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातात बॅटरी आणि ब्रश दिला आणि परत आलेला एकेक ब्लॉक आतून बघायला बसवलं. चार दिवस लागले. माझी खरी पदवी ती.

पुढे इस्रोच्या भरतीची लेखी परीक्षा, मुलाखत, आणि २००३ मध्ये बेंगळुरूला द्रव इंधनाच्या इंजिनांचं काम करणाऱ्या केंद्रात रुजू झालो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं ट्रंक घेऊन गेलो. शाळेत कन्नडच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसायचो, त्याची भरपाई तिथं करावी लागली. शिवाय जे थोडं येत होतं ते धारवाडी वळणाचं. तंत्रज्ञ मंडळी माझ्याकडून मुद्दाम दोन वाक्यं बोलून घ्यायची आणि हसायची. त्यांनीच पुढं हाताला धरून काम शिकवलं.

काम काय? रॉकेट उपग्रहाला वर सोडून मोकळं होतं. तिथून छत्तीस हजार किलोमीटर उंचीच्या कक्षेपर्यंतचा प्रवास उपग्रहाला स्वतःच्या इंजिनावर करायचा असतो. हे मुख्य इंजिन ४४० न्यूटन जोराचं. म्हणजे पृथ्वीवर ते जेमतेम ४५ किलो तोलून धरेल. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं त्याला उचलायचं नाही. वर मात्र उपग्रह कक्षेत फिरतच असतो, त्याचं वजन तोलून धरायचं नसतं, त्यामुळे तेवढ्या नेटानं दोन-तीन टनांचा उपग्रहही सावकाश वेग घेतो. एका टाकीत मोनोमिथाइल हायड्रॅझीन, दुसऱ्या टाकीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोघं भेटली की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. दोन्ही जहाल विषारी. भरणारी माणसं अंगभर बंद पोशाखात असतात. पंप नाही, हेलियमच्या दाबानं सगळं पुढं ढकलायचं. म्हणून मग सारी भिस्त नळ्या, सांधे आणि झडपांवर. झडपेच्या बैठकीवर धुळीचा एक कण बसला की ती पूर्ण मिटत नाही. उपग्रहानं बारा-पंधरा वर्षं जागेवर राहायचं ते उरलेल्या इंधनावर. वर गेल्यावर पाना घेऊन जाता येत नाही.

त्यामुळं आमचे महिनेच्या महिने गळती शोधण्यात जातात. नळ्यांत हेलियम भरायचा आणि मास्क लावून, मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे हेलियमचा माग काढणाऱ्या यंत्राची सोंड घेऊन एकेक सांधा हुंगत जायचं. नवी मुलं जिथं काटा हलतो तोच सांधा दोषी धरतात. हेलियम हवेपेक्षा हलका. खालच्या सांध्यातून निसटतो आणि वरच्या सांध्याशी सापडतो. मामांचाच नियम, फक्त उलटा धरलेला. एकदा गावी आलो असताना मामांना हे सांगितलं. ते डोळे मिचकावत म्हणाले, “म्हणजे अजून कौलंच परतालास की रे!”

एक कबुली इथं द्यायला हवी. २०१४ मध्ये मंगळयान पोचलं तेव्हा गावानं मला शाल-श्रीफळ दिलं. मी तेव्हा दुसऱ्या उपग्रहावर होतो. मंगळयान मी इतरांसारखं टीव्हीवरच पाहिलं. पण पोटात गोळा का होता ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. तेच ४४० न्यूटनचं इंजिन सुमारे ३०० दिवस निजलेलं. इतके दिवस झडपा विषारी रसायनात भिजलेल्या. पहिली वाट दगा देईल म्हणून इंधनाला दुसरी समांतर वाट ठेवलेली. २२ सप्टेंबरला इंजिन चारेक सेकंद पेटवून बघितलं. २४ तारखेला ते सुमारे चोवीस मिनिटं जळायचं होतं, त्यातला काही वेळ यान मंगळाच्या आड, आणि तिथून संदेश यायलाच बारा मिनिटं. त्या सकाळी चहा गार झाला. शाल मी परत केली नाही. आईनं कपाटात ठेवलीय.

या क्षेत्रात यायची वाट विचारणाऱ्यांसाठी: तिरुवनंतपुरमला २००७ पासून अंतराळ विज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे, बारावीनंतर तिथं जाता येतं. अभियांत्रिकी करूनही येता येतं. आणि आयटीआय फिटर झालेल्या मुलानं मागं राहू नये. टायटॅनियमची बारीक नळी जोडणारा चांगला हात मिळणं हे इंजिनिअर मिळण्याहून अवघड.

गेल्या मे महिन्यात शाळेत येऊन गेलो. कौलं गेली, आता स्लॅब आहे. नववीच्या वर्गात फळ्याच्या वर ओल दिसली. हेडबाई म्हणाल्या, तिथं दोनदा सिमेंट लावून झालं, फरक नाही. शिडी मागवून वर गेलो. ओलीपासून सात-आठ फुटांवर, पाण्याच्या टाकीचा पाइप स्लॅबमध्ये उतरतो तिथं, बोटभर चीर होती. नववीतली दोन पोरं माझ्या मागोमाग शिडीवर चढली होती. चीर आधी त्यांतल्या एकीला दिसली.