सी मधला आयडींचा हॅश सेट : डिलीट आणि युनियन मार्गी लागले

सी भाषेत लिहीत असलेल्या हॅश सेटचा (आयडीवरून हॅश नावाचं गणित करून त्याचं टेबलातलं घर ठरवणारा, प्रत्येक आयडी एकदाच ठेवणारा साठा) गाभा आता स्थिर झालाय. ६४ बिटी आयडी टाकणं, शोधणं, काढणं, टेबल वाढवणं हे सगळं चालतं. या वेळी मुख्यतः आयडी काढण्याबद्दल आणि दोन सेट एकत्र करण्याबद्दल (युनियन) लिहितोय, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागलं. बाकीचं भराभर सांगून टाकतो.

रचना उघडीवाघडी आहे. ६४ बिटी अनसाइन्ड आकड्यांचा एक सलग ॲरे, घरं किती, भरलेली किती, आणि एक फ्लॅग. रिकाम्या घरात ०. कॅलॉक (मेमरी मागायचं सी चं फंक्शन) शून्यं भरूनच देतो, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही. खुद्द ० हाच आयडी आला तर त्याची नोंद फ्लॅगमध्ये होते, टेबलात तो जातच नाही. चेनिंगच्या (एकाच घरात आलेल्या आयडींची पॉइंटरने जोडलेली साखळी) वाटेला मी गेलो नाही. ६४ बिटी लिनक्सवर एका नोडला आकडा आणि पॉइंटर मिळून १६ बाइट लागतात, पण जीलिबसीचा (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) मॅलॉक त्यासाठी प्रत्यक्षात ३२ बाइट अडवतो. ८ बाइटच्या आयडीसाठी एवढा थाट कशाला? सलग ॲरेत ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो तो तुकडा) ८ आयडी मावतात. लिनिअर प्रोबिंगमध्ये (घर भरलेलं असेल तर लगेच पुढचं बघायचं) पुढचं घर बघायला लागलं तरी ते बहुधा कॅशमध्ये आलेलंच असतं.

टेबल किती भरल्यावर वाढवायचं, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या सूत्रानुसार, नसलेला आयडी शोधताना सरासरी किती घरं बघावी लागतात? टेबल अर्धं भरलेलं असेल तर २.५, पाऊण असेल तर ८.५, दहात नऊ घरं भरली असतील तर ५०.५. असलेला आयडी मात्र पाऊण भरलेल्या टेबलातही २.५ घरांत सापडतो. आयडींच्या सेटला सतत विचारलं जातं, ‘हा आधी येऊन गेलाय का?’, आणि उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असतं. म्हणून मी आठात पाच घरं भरली की वाढवतो. तिथे नसलेल्याचा खर्च चारच्या आसपास राहतो, आणि तुलनेत फ्लोट (दशांश आकडा) आणावा लागत नाही. दहा लाख आयडींना २०,९७,१५२ घरं लागतात, म्हणजे १६ एमबी. माझ्या मते हा सौदा परवडतो.

आता हॅश. आयडी मुळातच वेगवेगळे आहेत, तर खालचे बिट मास्क करून (तेवढेच ठेवून) घ्या आणि मोकळे व्हा, असं वाटणं साहजिक आहे. आयडी १, २, ३ असे ओळीने येत असतील तर ते झकास चालतंही. पण ट्विटरने २०१० मध्ये आणलेल्या स्नोफ्लेक पद्धतीचे आयडी घेऊन बघा. वरचे ४१ बिट मिलिसेकंदांचे, मग १० मशीनचे, शेवटचे १२ अनुक्रमाचे, आणि अनुक्रम दर मिलिसेकंदाला पुन्हा शून्यापासून सुरू. मशीन एकच असेल आणि मिलिसेकंदाला एखादाच आयडी तयार होत असेल, तर खालचे २२ बिट सगळ्यांचे सारखे. २० बिटांचा मास्क लावला की झाडून सगळे एकाच घराच्या दारात. त्यामुळे सुरुवातीला फिबोनाची हॅश घेतला होता : ११४००७१४८१९३२३१९८४८५ ने गुणायचं (२ च्या ६४ व्या घाताला सुवर्ण गुणोत्तराने भागल्यावर येणारा हा विषम आकडा) आणि गुणाकाराचे वरचे बिट घ्यायचे. वरचेच, कारण गुणाकाराचे खालचे बिट मूळ आकड्याच्या खालच्या बिटांवरच ठरतात.

डिलीटसाठी सोपा मार्ग टूम्बस्टोनचा : घरात ‘इथे कुणीतरी होतं’ अशी खूण ठेवायची. पण सतत आयडी येताजाताना या खुणा साठत जातात, आणि जवळपास रिकाम्या सेटमध्येही शोध लांबतो. शिवाय ० सोबत आणखी एक आकडा राखीव ठेवावा लागतो. मी मागे सरकवण्याची पद्धत घेतली. एक घर रिकामं झालं की पुढची घरं बघत जायचं. जो आयडी आपल्या मूळ घरापासून निदान तेवढा लांब आहे जेवढं रिकामं घर त्याच्यापासून लांब आहे, त्याला उचलून तिथे आणायचं. मग त्याचं जुनं घर रिकामं, आणि तिथून पुढे तेच. खरोखर रिकामं घर लागलं की थांबायचं.

८ घरांचं टेबल घ्या. क चं मूळ घर ६, आणि तो ६ मध्येच आहे. ख चंही मूळ घर ६, पण जागा मिळाली ७ मध्ये. ग मूळचा ० चा, ० मध्येच. घ मूळचा ७ चा, पण ७ आणि ० भरलेली म्हणून तो १ मध्ये. आता क काढला. ख सरकून ६ मध्ये आला, ७ रिकामं झालं. ग आपल्याच घरात आहे, तो हलत नाही. इथे थांबलं तर घ हरवला, कारण त्याचा शोध ७ पासून सुरू होतो आणि ७ रिकामं दिसताच संपतो. ग ला ओलांडून घ पर्यंत जावंच लागतं : तो घरापासून २ लांब, रिकामं घरही २ लांब, म्हणून तो ७ मध्ये. टेबलाचा शेवट ओलांडतानाही अंतरं बरोबर यावीत म्हणून वजाबाकीला मास्क लावायचा, म्हणजे वेगळ्या अटी लिहाव्या लागत नाहीत.

टेस्टमध्ये मुद्दाम ८ आणि १६ घरांची टेबलं, मोजकेच आयडी आणि रँडम टाकाकाढी ठेवली आहे. सोबत साधा बूलियन ॲरे, आणि प्रत्येक क्रियेनंतर दोन्ही जुळतात का ते बघतो. हॅश फंक्शन बदलून सगळ्यांना शेवटचंच घर देणारं एक रूपही चालवतो. असल्या कोपऱ्यातल्या गोष्टी मोठ्या टेबलात महिनोन् महिने दिसत नाहीत.

युनियनचं प्रकरण जास्त मजेशीर. मोठा सेट पहिल्या घरापासून शेवटपर्यंत चालायचा आणि एकेक आयडी नव्या, लहान सेटमध्ये टाकत जायचं. निरुपद्रवी वाटतं ना? पण हॅश एकच असेल तर मोठ्या टेबलातला घरांचा क्रम हाच हॅशचा क्रम असतो. त्यामुळे येणारा प्रत्येक आयडी लहान टेबलाच्या सुरुवातीच्या चिंचोळ्या भागातच घुसतो. उरलेलं टेबल ओस, आणि पुढे लांबलचक सलग रांग. आयडी दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. २०१६ मध्ये रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या हॅशमॅपबद्दल याच जातीची तक्रार नोंदवली गेली होती. गंमत म्हणजे टेबल दुप्पट करताना हाच क्रम फायद्याचा ठरतो : जुनं आणि नवं दोन्ही टेबलं पुढे पुढे वाचली-लिहिली जातात, आणि कॅश खूश.

आधीच भरपूर जागा घेऊन ठेवली तर कोंडी टळते. पण दोन्ही सेटमध्ये बरेचसे आयडी सामाईक असले तर ती जागा फुकट, आणि स्वतः लूप लिहिणाऱ्याचं त्याने भलं होत नाहीच. म्हणून प्रत्येक टेबलाला स्वतःचा सीड (हॅशमध्ये मिसळायचा आकडा) दिला. इथे सावध राहायला हवं. फिबोनाचीत आयडीमध्ये सीडची नुसती बेरीज केली तर गुणाकारात एक स्थिर आकडा मिसळतो, म्हणजे सगळं टेबल गोल फिरतं आणि क्रम तसाच राहतो. आता सीडशी एक्सॉर करून (दोन आकड्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १) मर्मरहॅश ३ या तयार हॅश फंक्शनच्या शेवटच्या टप्प्यातून आयडी काढतो : ३३ ने शिफ्ट-एक्सॉर, गुणाकार, पुन्हा तेच, आणि शेवटी एक शिफ्ट-एक्सॉर. एकाऐवजी दोन गुणाकार झाले, पण क्रमाचं नातं तुटलं. हा टप्पा उलटवता येतो, त्यामुळे दोन वेगळ्या आयडींचा ६४ बिटी हॅश कधीच सारखा येत नाही. टक्कर होते ती फक्त घर ठरवताना.

ॲड फंक्शन आता तीन उत्तरं देतं : नवा, आधीच होता, मेमरी नाही. टेबल वाढवताना कॅलॉक फसला तर जुनं टेबल जसंच्या तसं राहतं.

पुढचं काम १२८ बिटी यूयूआयडींचं (कुठेही तयार केले तरी वेगळेच निघावेत असे आयडी). एका कॅश लाइनमध्ये तेव्हा चारच मावतील, त्यामुळे आठात पाच ही मर्यादा पुन्हा तपासावी लागेल. आवृत्ती ४ मध्ये १२२ बिट रँडम असतात, तिथे अडचण नाही. आवृत्ती ७ चे पहिले ४८ बिट मात्र मिलिसेकंदांचे असतात, म्हणजे पहिले ८ बाइट तोडून त्यांनाच हॅश म्हणता येणार नाही. दोन्ही अर्धे वेगवेगळे मिसळून एक्सॉर करायचे, की पहिल्याचा निकाल दुसऱ्याला सीड म्हणून द्यायचा? सध्या कल दुसऱ्याकडे आहे. कुणी दोन्ही मोजून पाहिले असतील तर आकडे कळवा.