प्रार्थनेच्या आडून आलेला मोह

आमच्या प्रार्थनासभेची सुरुवात बरीच वर्षं मीच करत असे. मग एक नवी मुलगी यायला लागली. बाप्तिस्मा होऊन तिला वर्षही झालं नव्हतं, पण ती प्रार्थनेला लागली की मागच्या रांगेतली माणसंसुद्धा डोळे पुसायची. एका संध्याकाळी पाळकांनी सुरुवात तिला करायला सांगितली. मी मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत तिच्या प्रार्थनेतल्या चुका मोजत राहिले.

मोह म्हटलं की मला पैसा, व्यसन, व्यभिचार एवढंच सुचायचं. हा आला तो काळजीचं रूप घेऊन. तिच्या घरातली एक दुखरी गोष्ट माझ्या कानावर आली होती. मी एकीला म्हटलं, “तिच्यासाठी प्रार्थना कर गं, घरचं काही बरं नाहीये.” मग दुसरीला, तिसरीला, चौथीला सांगितलं. सांगताना आत ऊब वाटायची, आणि त्या उबेला मी पवित्र आत्म्याने दिलेलं ‘ओझं’, म्हणजे कुणासाठी तरी प्रार्थना करण्याची आतली कळकळ, समजत होते. मंडळीत हा शब्द आपण किती सहज वापरतो!

ईस्टरआधीच्या उपासकाळात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचत होते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि ‘खाली उडी टाक’ म्हणत चक्क 91 वं स्तोत्र ऐकवतो. मी मूळ स्तोत्र काढून शेजारी ठेवलं. देव तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करील, असं तिथे आहे. त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द सैतानाच्या तोंडी नाहीतच. पुढच्या ओवीत नागाला तुडवण्याचं वचन आहे, तिथपर्यंतही तो जात नाही. वचन खरं, पण देवावर भरवसा ठेवण्यासाठी दिलेलं, ते देवाची परीक्षा पाहायला वापरलेलं. मी तिथेच थांबले. चार जणींना मी तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं. मी स्वतः एकदाही केली नव्हती.

ओळखलं म्हणून ते गेलं नाही. दोनच दिवसांनी फोन हातात होता, पाचव्या बहिणीला निरोप लिहून झाला होता, फक्त पाठवायचा होता. ‘तिच्या घरासाठी विशेष प्रार्थना’, एवढीच ओळ. शब्दात कुठे खोट नव्हती. पण ती मुलगी शेजारी बसून हे वाचत असती तर मी पाठवलं असतं का? ओळ पुसली. परीक्षेबरोबर देव निभावण्याची वाटही करतो, असं पौल करिंथकरांना लिहितो. मी ती वाट फार मोठी असेल असं समजत होते. त्या दिवशी ती एका प्रश्नाएवढीच होती.

आणखी एका गोष्टीची मला मदत झाली. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर लोयोलाचा इग्नाती, पुढे संत झालेला स्पेनमधला लढवय्या, अंथरुणाला खिळून होता. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना त्याला मजा वाटे, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरला तरी आनंद मागे उरे. मी माझं तपासलं. त्या मुलीबद्दल बोलून झाल्यावर ऊब तासभर टिकायची, मग चिडचिड. ते ओझं आत्म्याचं नव्हतं, हेव्याचं होतं. बायबलमध्ये स्त्रियांच्या गाण्यात तरुण दावीद वरचढ ठरला तेव्हापासून शौल राजाची नजर फिरली, ती हीच.

मग सगळ्यात अवघड काम. मंडळीतल्या ज्या वयस्कर बाईंना आम्ही आजी म्हणतो, त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा, असं याकोब सांगतो. आम्ही ते वाचून पुढे जातो. सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. आजींनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “त्या चौघींना कधी सांगणार?”

चौघींना सांगितलं. दोघी त्यानंतर माझ्याशी तुटकच वागतात, आणि ते मला सोसायला हवं. मुलीचीही माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, घरच्या गोष्टीत तुम्ही तरी माझ्या बाजूने आहात.”

लूक लिहितो की सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत. गेल्या सभेत सुरुवात पुन्हा तिनेच केली, आणि तीच जुनी कळ छातीत उठली. मी डोळे मिटून तिचं नाव घेतलं, तिच्या घरातल्या एकेकाचं घेतलं. सभा सुटल्यावर आजींजवळ जाऊन म्हटलं, “आज परत आलं होतं.” त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही तिथेच, चपला घालायच्या आधी, प्रार्थना केली.