भरलेल्या डिस्कचं चित्र

गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री साडेनऊला ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अगं, संध्याकाळपासनं एक पान चढंना बघ. पोरं नुसती स्कॅनरपाशी बसून राहिल्यात."

आमच्या गावच्या वाचनालयातली जुनी नियतकालिकं स्कॅन होऊन ज्या सर्व्हरवर जातात, तो मी सांभाळते. भाड्याचा, 80 जीबी डिस्कचा. त्याला पडदा नाही, माऊस नाही. जे काही करायचं ते एसएसएचच्या, म्हणजे दुरून हुकूम टाइप करायच्या, काळ्या खिडकीतून.

आत शिरून, डिस्क किती भरलीय ते सांगणारं डीएफ चालवलं. 80 पैकी 76 जीबी वापरलेले आणि शिल्लक शून्य. मधले 4 जीबी हरवलेले नव्हते. डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी ईएक्सटी4 फाइलसिस्टिम सहसा 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य यूजरसाठी, राखून ठेवते. मग प्रत्येक फोल्डरचा आकार सांगणारं डीयू चालवलं, तर आकड्यांची लांबच लांब रांग आली. पोटातल्या फोल्डरचा आकडा वरच्या फोल्डरमध्ये पुन्हा, त्याच्या वरच्यात पुन्हा. नक्की कोण फुगलंय ते त्यातून दिसेना.

मला चित्र हवं होतं. सर्व्हरचं फोल्डर एसएसएचएफएसनं लॅपटॉपला जोडून इथूनच मोजायचं, हा पहिला विचार मी सोडून दिला. तसं केलं की प्रत्येक फाइलसाठी एक हेलपाटा पडतो. फाइली 4 लाख आणि हेलपाट्याला 30 मिलिसेकंद धरले, तरी 3 तास 20 मिनिटं होतात. सर्व्हरवर नवं काही इन्स्टॉल करावं, तर त्यालाच जागा नव्हती.

डिस्कचं चित्र काढणारा क्यूडर्स्टॅट नावाचा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर आहे. त्याच्यासोबत एक छोटी पर्ल स्क्रिप्ट येते, ती खास अशाच बिनपडद्याच्या सर्व्हरसाठी. ती तिथल्या तिथे सगळ्या फाइलींची नावं आणि आकार टिपून एकच दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल बनवते. स्क्रिप्ट आणि तिची फाइल मी दोन्ही डेव्ह खालच्या एसएचएम फोल्डरमध्ये ठेवली. ते फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर एक बाइटही लिहावा लागला नाही. सुडोनं, म्हणजे रूटच्या अधिकारानं, चालवली, कारण साध्या यूजरला अर्धे फोल्डर उघडताच येत नाहीत. तयार झालेली फाइल एससीपीनं इकडे ओढली आणि उघडली.

अख्खी डिस्क एका आयतात मावली होती. प्रत्येक फाइल म्हणजे एक चौकोन, फाइल जेवढी मोठी तेवढा चौकोन मोठा. ही कल्पना मुळात भरलेल्या डिस्कमुळेच सुचलेली आहे. 1990 मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत 14 जण मिळून 80 एमबीची एक डिस्क वापरत होते. ती भरली, आणि कुणी किती जागा अडवली हे एका नजरेत कसं दिसेल, या विचारातून त्यांनी ट्रीमॅप, म्हणजे असंच चौकोनांचं चित्र, काढला. आमची डिस्क त्याच्या हजारपट, पण अडचण तीच. हे आठवलं की मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

चित्रात डाव्या बाजूला फरशा बसवाव्यात तसे 68 एकसारखे चौकोन होते. टेंप या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधल्या, 'मॅजिक' या शब्दानं सुरू होणाऱ्या फाइली, प्रत्येकी सुमारे 278 एमबी. तो आकडा बघताच उलगडा झाला. 600 डीपीआयचं (इंचाला 600 ठिपके) ए4 पान म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी पिक्सेल, आणि स्कॅनची चित्रं हाताळणारं आमचं इमेजमॅजिक एका पिक्सेलला 8 बाइट घेतं. रॅम पुरेनाशी झाली की ते पान डिस्कवर पसरून ठेवतं, आणि काम मध्येच मारलं गेलं की पसारा तसाच राहतो. 19 जीबी! डीयूच्या यादीत हे सगळं 'टेंप' या एकाच ओळीत होतं, आणि मी तिच्यावरून पुढे गेले होते.

ते पुसलं. पण पुसण्याआधीच्या चित्राची बेरीज होती 65, आणि डीएफ तेव्हा सांगत होतं 76. चित्रात दिसत नाहीत असे 11 जीबी कुठे होते? ज्या फाइलीचं नाव पुसलंय पण जी एखाद्या प्रोग्रॅमनं अजून उघडी धरलीय, ती फोल्डर चाळून कधीच सापडत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला 'अधिक एल 1' देऊन विचारलं तेव्हा मिळाली. दोन आठवड्यांपूर्वी मीच पुसलेला वेब सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल. तो रिकामा करायला हवा होता, मी पुसला होता. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि वापर 46 वर आला.

पावणेअकराला ताईंना फोन लावला. "चढवा आता." पोरं अजून तिथेच होती.

तेव्हापासून दर रविवारी ती दाबलेली फाइल मी तारीख घालून लॅपटॉपवर ठेवते आणि आदल्या आठवड्याच्या चित्राशेजारी उघडते. परवा कोपऱ्यात बारीक चौकोनांचा एक नवा पट्टा दिसला. वर कर्सर नेला, तर 1936 सालच्या अंकांचं फोल्डर. त्या वर्षाचे बाराही अंक चढले होते.