जोडांवरचे टाके

आज दुपारभर क्रेझी क्विल्टच्या, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधडीच्या, एका चौकोनावर टाके घालत बसले होते. खणाचा तुकडा, इरकलीचा काठ, आईच्या जुन्या सिल्कच्या साडीचा पदर, सगळं वेडंवाकडं कापून मांजरपाटावर जोडलेलं. खरी मजा त्या जोडांवर! फेदर स्टिच, म्हणजे पिसासारखा फांद्यांचा टाका, घालताना सुई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोरा अंगठ्याखाली दाबून धरला की फांदी आपोआप फुटत जाते. मग प्रत्येक टोकाला गाठीचा टाका. सुईला दोनदा दोरा गुंडाळायचा आणि ती जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी खाली घालायची. त्याच भोकात घातली तर गाठ मागे निघून जाते.

१८८० च्या दशकात अमेरिकेतल्या बायकांना क्रेझी क्विल्टचं अक्षरशः वेड लागलं होतं. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातल्या जपानी वस्तू पाहून असे आडवेतिडवे आकार आवडू लागले, असं मानतात. आपली गोधडी थंडीसाठी, धावदोऱ्याने घट्ट शिवलेली. ही मात्र रेशीम-मखमलीची, बैठकीच्या खोलीत मिरवायची. आत भर बहुधा नसायचीच. सगळा जीव टाक्यांत.

उद्या मखमलीच्या जोडावर हेरिंगबोन, म्हणजे एकमेकांना छेदणारे तिरपे टाके, घालणार. बारीक दोरा मखमलीत बुडतो, म्हणून जाडच घेणार. रंग मोरपंखी की आमसुली? सुचवा गं!