उंट फार उशिरा आला

सोमवार, रात्री अकरा. गिझा

उद्या काय करायचं यावरून संध्याकाळी आमच्यात दोन तट पडले. लेकीला क्वाड बाईक हवी, म्हणजे वाळवंटात पळवायची ती चार चाकांची मोटरसायकल, ह्यांना उंट. “इजिप्तला जाऊन उंटावर बसलो नाही, तर सोसायटीत सांगायचं काय?” हा ह्यांचा मुद्दा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस उंटावर चढणार कसा, हा माझा. शेवटी तोडगा निघाला: सकाळी मी आणि लेक उंटावर, दुपारनंतर आम्हीच दोघी क्वाडवर, आणि ह्यांनी दोन्ही ठिकाणी सावलीत बसून चहा प्यायचा. ह्यांना तोडगा फारसा झोंबलेला दिसला नाही.

हॉटेल नझलेत अल-सम्मानमध्ये आहे. स्फिंक्ससमोर, पठाराच्या पायथ्याशी असलेली ही वस्ती. घोडे आणि उंट हा इथल्या कित्येक घरांचा पिढीजात धंदा. गल्लीत तबेल्याचा वास, गच्च्यांवर कॅफेंचे दिवे, आणि मधून बजाजच्या तीनचाकी सुसाट. ह्यांनी इथे आल्यावर पहिला फोटो त्या रिक्षेचा काढला, मग पिरॅमिडचा.

खिडकीतून खाफ्रे राजाचा पिरॅमिड दिसतो. इथल्या तीन मोठ्या पिरॅमिडांत उंच तोच वाटतो, पण तो उंचवट्यावर बसलाय म्हणून. मोठा खुफू राजाचाच: मुळात १४६ मीटरच्या वर, आता माथा झडून १३८ च्या आसपास. खाफ्रेच्या टोकाशी मात्र गुळगुळीत चुनखडीचं मूळ आवरण थोडं टिकून आहे. बाकीचं मध्ययुगात लोकांनी सोलून नेलं आणि कैरोतल्या इमारतींना वापरलं. झोप येत नाहीये, शेजारच्या गच्चीवर कुणाचं तरी लग्न आहे.

मंगळवार, संध्याकाळ

अंग ठेचून निघालंय. तरी लिहून ठेवते, उद्या अर्धं विसरेन.

जुन्या पोस्टकार्डांवर उंट थेट पिरॅमिडच्या पायाशी उभे असतात. आता तसं राहिलेलं नाही. २०२५ पासून मुख्य प्रवेश फय्यूम रस्त्याच्या बाजूने झाला, आत इलेक्ट्रिक बस आल्या, आणि उंट-घोड्यांना नेमून दिलेल्या जागेत हलवलं. उंटवाल्यांनी तेव्हा बराच विरोध केला होता. मला सारखं माथेरान आठवत होतं. तिथे ई-रिक्षा आल्या तेव्हा घोडेवाल्यांचं हेच म्हणणं होतं. पर्यटकाची सोय झाली, जनावराचा जाच कमी झाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या. ज्याच्या दारात ते जनावर बांधलेलं आहे त्याचं काय, हे मात्र सगळं ठरून झाल्यावर कुणीतरी विचारतं.

बस चांगल्या आहेत, हे कबूल करायला हवं. पूर्वी इथे आलेल्या नणंदेने सांगितलेल्या कथा भयंकर होत्या: गाडीच्या दाराला लटकणारे, “फुकट, फुकट” म्हणत वर चढवून खाली उतरवायचे पैसे मागणारे. आम्हाला तसा त्रास झाला नाही. भाव ठरवला, दोनदा म्हणून घेतला, आणि “उतरवण्यासकट” हेही म्हणून घेतलं.

उंट मी निवडला. लेक रंगीत गोंडे बघत होती. मी दोरीखालची कातडी बघत होते. शेजारच्या उंटाच्या जबड्याला दोरी घासून लाल चट्टा पडला होता, माश्या बसत होत्या, आणि त्याचा मालक सगळ्यांत कमी भाव सांगत होता. आम्ही निवडलेल्याचं अंग भरलेलं होतं. गुडघ्यांवर आणि छातीखाली जाड, काळपट घट्टे. ते मारहाणीचे नव्हेत, बसताना सगळा भार त्यांच्यावर घेता यावा म्हणून असतात. पापण्या इतक्या लांब की लेक म्हणाली, “आई, मस्कारा बघ.”

उंटवाला साठीकडे झुकलेला, अंगात राखाडी गलाबिया (इथला लांब, घोळदार झगा), पायात प्लास्टिकच्या चपला. मला “या हाग्गा” म्हणायचा, म्हणजे हजला जाऊन आलेली. वयाने मोठ्या बाईला इथे मानाने असंच हाक मारतात. आम्ही भारतातले म्हटल्यावर पुढचा शब्द “अमिताभ बच्चन!” हे दिवसभरात इतक्या तोंडून ऐकलं की ह्यांनी शेवटी मान डोलावून आभार मानायला सुरुवात केली, जणू निरोप पोचवणार आहेत.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे आपण एकदम पुढे, त्याच्या मानेवर. “मागे रेला, मागे रेला” असं उंटवाला ओरडत असतो, आणि आपण रेलतोय तोवर पुढचे पाय उठतात नि आपण उताणे. चालायला लागल्यावर वेगळीच तऱ्हा: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात, मग दुसऱ्या बाजूचे, त्यामुळे पोटातलं सगळं डावीकडून उजवीकडे जात राहतं. खोगिराच्या लाकडी खुंटीला धरून बसायचं. दहा मिनिटं मजा वाटते. पुढचा वेळ मांड्यांचा.

वरून मात्र दृश्य खरंच मोठं आहे. पठाराच्या त्या टोकावरून तिन्ही पिरॅमिड एका तिरक्या रांगेत येतात आणि तिसऱ्या, मेनकाउरे राजाच्या पिरॅमिडच्या पायाशी राण्यांचे तीन छोटे. मागे लगेच शहर सुरू होतं. फोटोत वाळवंट संपता संपत नाही, प्रत्यक्षात पिरॅमिडच्या पलीकडे विटांच्या चाळी, डिश अँटेना आणि पिवळट धूर. मेनकाउरेच्या उत्तरेकडच्या अंगावर एक मोठी उभी खाच आहे. सुलतान सलाहुद्दीनचा मुलगा अल-अझीझ उस्मान याने ११९६ मध्ये पिरॅमिड पाडायला माणसं लावली होती. आठ महिने खपले आणि एवढीच खाच पडली. तिघांत हा सगळ्यांत लहान, हे विशेष.

उंटावर बसल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली ती अजून घोळतेय. सगळ्या जाहिरातींत उंट म्हणजे प्राचीन आणि क्वाड म्हणजे आजकालचा आचरटपणा. पण पिरॅमिड बांधणाऱ्यांकडे ओझी वाहायला उंट नव्हताच. पाळीव उंट इजिप्तमध्ये सर्रास झाला तो पर्शियन आणि टॉलेमी राजवटींत, म्हणजे खुफूनंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी. घोडाही त्या काळात नव्हता, तो हिक्सोस या परक्या राज्यकर्त्यांच्या सुमारास आला. दगड आले ते होडीतून, घसरगाड्यांवरून, माणसांच्या आणि बैलांच्या ताकदीवर. बारा-तेराव्या शतकातल्या माणसाला जसं आपलं टमटम, तसं खुफूला हे सगळं खोगीर-गोंड्यांचं प्रकरण वाटलं असतं.

आणि त्या कामाची चक्क रोजनिशी सापडलेली आहे! २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फला पियेर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला पपायरसचे तुकडे मिळाले, शाईने लिहिलेले आजवर सापडलेले सर्वांत जुने. त्यांतली एक नोंदवही मेरेर नावाच्या मुकादमाची. हाताखाली चाळीसेक माणसं. नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा खाणीतली चुनखडी होडीत भरायची, कालव्यांतून गिझाला आणायची, उतरवायची, परत जायचं. आज कुठे होतो, काय भरलं, रात्री मुक्काम कुठे पडला. बस. पिरॅमिड किती भव्य दिसतो यावर अवाक्षर नाही. मला हा माणूस फार आवडला. रोज तेच बघणाऱ्याने अजून काय लिहायचं? खाफ्रेच्या टोकाशी काल खिडकीतून पाहिलं ते आवरण तुराच्याच दगडाचं आहे. मेरेरने वाहिला तो याच जातीचा माल, फक्त खुफूसाठी.

घोड्याच्या नावावर मात्र इथे एक मोठं श्रेय जमा आहे. १९९० मध्ये पठाराच्या दक्षिणेला फिरताना एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला. खणल्यावर निघाली पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची आणि मुकादमांची दफनभूमी. गुलामांनी पिरॅमिड बांधले ही समजूत मोडायला त्या थडग्यांचा मोठा हातभार लागला: राजाच्या सावलीत, भाकरी-बिअरच्या मडक्यांसकट पुरलेली माणसं गुलाम कशी असतील?

दुपारनंतर क्वाड. पिरॅमिडच्या कुंपणाच्या आत क्वाड नेत नाहीत. ती चालते बाहेर, दक्षिणेच्या उघड्या वाळवंटात. ओढणी नाका-तोंडावर घट्ट, वर गॉगल. क्वाडवाल्या पोराने पाच मिनिटांत शिकवलं. उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा की गाडी पळते, सोडला की थांबायला येते. गियर नाही. स्कूटर चालवणाऱ्या बायकांना त्याने एकच गोष्ट तीनतीनदा बजावली, बहुधा अनुभवावरून: थांबताना पाय खाली टाकायचा नाही. आपल्याला तीस वर्षांची सवय, आणि क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्यावरून जातं. वळताना अंग आतल्या बाजूला झोकायचं, नाहीतर गाडी बाहेर कलंडते.

आणि हे मी डोंबिवलीत कुणाला सांगणार नाही, पण मला क्वाड उंटापेक्षा जास्त आवडली. पुढे धुळीचा लोट, लेक ओरडतेय, अंगठा बधिर, दात वाळूने करकरतायत. जमीन मऊ वाळूची नाहीच मुळी. खडी, टणक माती, मधूनच खळगा, आणि प्लास्टिकच्या पिशव्या, काच, बाटल्या. एका टेकाडावर पोराने सगळ्यांना थांबवलं, इंजिनं बंद करायला लावली. तिथून पिरॅमिड लहान दिसतात, आणि लहान दिसल्यावरच त्यांचा आकार कळतो. जवळून ती नुसती दगडांची भिंत असते.

आवडली म्हणून चांगली आहे असं नाही. टेकाडावरून खाली पाहिलं तर चाकांच्या चऱ्यांनी जमीन पूर्ण ओरबाडलेली. वाळवंटाच्या वरचा खडीचा थर एकदा मोडला की लवकर जुळत नाही. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांचे माग अजून दिसतात. आणि पठाराच्या परिसरात खाली काय पुरलेलं आहे हे घोडा अडखळेपर्यंत कुणाला कळलं नव्हतं.

मंगळवार, उशिरा

ह्यांचा दिवस आमच्यापेक्षा बरा गेला. आयुष्य दुग्धविकास खात्यात काढलेला माणूस. उंट बघून ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चाऱ्याचा. खुणा, तोडकं इंग्रजी आणि चहाचे तीन ग्लास यांच्या जोरावर उंटवाल्याशी पुरता तास गप्पा. मुख्य चारा बरसीम. ह्यांना इतका आनंद! ते चाऱ्याचं पीक आपल्याकडे इजिप्तमधूनच आलं, पंजाबात-उत्तरेत गावोगाव लावतात, आणि ह्यांनी नोकरीत त्याची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मग भाव, पेंढा, भुसा, हिवाळ्यात किती नि उन्हाळ्यात किती.

त्यातून ह्यांनी जे काढलं ते माझ्या सगळ्या वाचनापेक्षा कामाचं आहे. पर्यटक आला नाही तर क्वाड ताडपत्रीखाली उभी राहते, पेट्रोल पीत नाही. उंटाला तरीही रोज खायला लागतं. २०११ ची क्रांती झाली आणि पर्यटक एकदम आटले. २ फेब्रुवारीला याच वस्तीतले लोक घोड्या-उंटांवर बसून तहरीर चौकातल्या निदर्शकांवर चालून गेले, तो हल्ला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. सत्ताधाऱ्यांनी चिथावलं असा आरोप झाला, खटला चालला, आरोपी २०१२ मध्ये सुटले. हल्ल्याचं समर्थन नाहीच. पण त्या दिवसांत इथला धंदा बसला होता हेही त्या चित्रात असायला हवं होतं. पुढे कोविडमध्ये पुन्हा तेच झालं असणार, आपल्या माथेरानलाही झालं होतं.

लेकीचं म्हणणं, मग जनावरं बंदच करावीत, बसवाल्यांनी या माणसांना ड्रायव्हर म्हणून घ्यावं. ह्यांचं म्हणणं, साठीच्या माणसाला कोण घेतंय. माझं म्हणणं अजून ठरत नाही. दोरीने चट्टा पडलेल्या उंटावर कुणी बसू नये, एवढंच आज नक्की वाटतं, आणि कमी भावाला भुलू नये, कारण तो कमी भाव बहुतेक चाऱ्यातूनच कापलेला असतो.

उंटवाल्याला ह्यांनी ठरल्यापेक्षा जास्त दिले. किती, ते सांगत नाहीत. “बरसीमचा आजचा भाव बघून दिले,” म्हणाले.

उद्या सक्कारा. गाडीने. मांड्यांना तेल लावून झोपते.