प्रेक्षकांच्या नशिबी

किशोरांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत जिवावर बेतणाऱ्या स्पर्धांचा तुटवडा नसतो, आणि त्या वाचताना सगळ्यांचे डोळे साहजिकच स्पर्धकांवर खिळलेले असतात. माझे लक्ष मात्र हल्ली प्रेक्षकांकडे जाऊ लागले आहे. वयाचा परिणाम असावा. ड्रॅगनपुढे उभा असलेला मुलगा वाचेल की नाही याच्या जोडीला, इतका वेळ लाकडी बाकांवर बसलेल्यांच्या पाठीचे काय होत असेल, ही चिंताही मला आताशा सतावते.

जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’ ही जुलै २००० मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी मी या पावसाळ्यात पुन्हा वाचली, ती याच तिरक्या नजरेने. तिच्यातली ‘ट्रायविझर्ड’ स्पर्धा जादू शिकवणाऱ्या तीन शाळांमध्ये सुमारे सातशे वर्षांपूर्वी सुरू झाली आणि मरणाऱ्यांची संख्या फारच वाढल्यामुळे पुढे बंद पडली. मुलांइतकीच परीक्षकांचीही तिथे धडगत नसे. १७९२ साली स्पर्धकांनी पकडायचा प्राणीच बेफाम उधळला आणि तिन्ही शाळांचे मुख्याध्यापक जखमी झाले. ती स्पर्धा पुन्हा भरवताना सतरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली जाते, स्पर्धकांची निवड करणाऱ्या अग्निचषकाभोवती वयाची रेषा आखली जाते आणि वय वाढवणारे औषध पिऊन ती ओलांडू पाहणारे जुळे भाऊ लांब पांढऱ्या दाढ्या फुटलेल्या अवस्थेत बाहेर फेकले जातात. स्पर्धकांसाठी एवढी काटेकोर व्यवस्था करणाऱ्या आयोजकांनी प्रेक्षकांना नेमके काय दिसणार आहे, याचा मात्र फारसा विचार केलेला दिसत नाही.

पहिली फेरी त्यातल्या त्यात बरी. चोवीस नोव्हेंबरला गोलाकार रचलेल्या आसनांच्या मधोमध ड्रॅगन आहे, त्याच्या पुढ्यात सोनेरी अंडे आहे आणि एकेक स्पर्धक ते पळवायला येतो आहे. पैसे वसूल व्हावेत असाच हा देखावा आहे. पण नेमका इथे वाचक उपाशी राहतो. हॅरीचा क्रमांक चौथा असल्यामुळे त्याच्याबरोबर आपणही तंबूत अडकून पडतो आणि बाहेरची आरडाओरड व समालोचकाचे उद्गार यांवरून काय घडले असेल याचा अंदाज बांधत राहतो. सेड्रिकने दगडाचा कुत्रा करून ड्रॅगनला हुलकावणी दिली, फ्लरने त्याला गुंगी आणली पण तिच्याच झग्याला आग लागली, क्रमने त्याच्या डोळ्यावर मंत्र मारला आणि आंधळ्या धडपडीत त्याने स्वतःची निम्मी अंडी तुडवली, हे सारे आपल्याला हॅरीचा मित्र रॉन याच्या तोंडून मागाहून कळते. मॅच संपल्यावर घरी पोहोचलेल्या माणसाला शेजाऱ्याने रंगवून धावफलक सांगावा, तशी आपली गत होते.

दुसऱ्या फेरीपासून पारडे फिरते. ड्रॅगनभोवतीची तीच आसने उचलून तळ्याच्या काठी मांडलेली असतात आणि ती खचाखच भरलेलीही असतात. चौघे स्पर्धक फेब्रुवारीतल्या पाण्यात उतरतात आणि दिसेनासे होतात. मग तासभर काय? पाणी. तळाशी जलमानवांची वस्ती आहे, ओलीस ठेवलेली माणसे निद्रिस्त आहेत, हॅरी सगळ्यांना सोडवायचा हट्ट धरून वेळ दवडतो आहे, आणि काठावरच्या त्या भरगच्च गर्दीला यातले अक्षरही ठाऊक नाही. त्या वेळात त्यांनी काय केले असेल, ते लेखिकेने सांगितलेले नाही. गप्पा मारल्या असतील, हात चोळले असतील, शर्टांवर मिरवायला वाटलेले सेड्रिकच्या समर्थनाचे बिल्ले न्याहाळले असतील.

परीक्षकांचीही तीच अवस्था आहे, हे मला त्याहून मजेदार वाटते. जलमानवांच्या प्रमुख बाईने खाली घडलेला प्रकार हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याला सांगितला म्हणून हॅरीला पन्नासपैकी पंचेचाळीस गुण मिळाले. म्हणजे शौर्याचे मोजमाप झाले ते ऐकीव माहितीवर. नियमानुसार तो सर्वांत शेवटी वर आला होता आणि ओलिसांचा जीव खरोखर धोक्यात नव्हताच, तरीही मनाच्या थोरवीबद्दल गुण देण्याचे औदार्य परीक्षकांनी दाखवले. त्यांच्यातल्या कारकारोफचे, म्हणजे प्रतिस्पर्धी शाळेच्या मुख्याध्यापकाचे, मत मात्र वेगळे पडलेले दिसते, आणि त्याच्या आधीच्या गुणदानाचा अनुभव पाहता त्यात नवल नव्हते.

तिसरी फेरी तर कळस आहे. क्विडिच या झाडूवर बसून खेळायच्या खेळाच्या मैदानात वीस फूट उंच कुंपणांचा भुलभुलैया उगवलेला असतो, स्पर्धक गुणांच्या क्रमाने आत जातात आणि सभोवतीच्या हजारो डोळ्यांपुढे उरते ती नुसती झाडी. आपल्याकडे दहीहंडीला मागच्या रांगेतल्या माणसालाही निदान वरचा थर दिसतो. कधीमधी आभाळात लाल ठिणग्या उडाल्या तर आत कोणीतरी अडचणीत आहे, एवढाच काय तो बोध. आत ठेवलेल्या विजेतेपदाच्या चषकाला हात लागताच हॅरी आणि सेड्रिक त्या मैदानातूनही नाहीसे होतात, दूरच्या स्मशानात पोहोचतात, तिथे सेड्रिकचा खून होतो आणि खलनायक व्हॉल्डेमॉर्ट पुन्हा शरीर धारण करतो. धोका जसजसा खरा होत जातो तसतसे प्रेक्षकांना कमी दिसत जाते, ही या कादंबरीची रचना मला तिच्यातल्या सगळ्या जादूंपेक्षा अधिक धूर्त वाटते. कारण तिथे हजर असतो तो आपण, आणि आपली साक्ष कोणी काढणार नसते.

म्हणूनच जादूमंत्री फजचा शेवटचा प्रवेश मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. शाळेच्या रुग्णालयात हॅरीने सांगितलेल्या हकिकतीतला एकही शब्द मानायला हा गृहस्थ तयार नाही. त्याच्या लेखी मुलगा भ्रमिष्ट आहे, साक्षीदार नाहीत आणि व्हॉल्डेमॉर्ट परतणे शक्यच नाही. एवढे सुनावून तो निघतो, पण जाण्यापूर्वी खिशातून हजार गॅलियनची, म्हणजे जादूगारांच्या सोन्याच्या नाण्यांची, थैली काढून हॅरीच्या पलंगाशेजारच्या मेजावर टाकतो आणि परिस्थिती पाहता बक्षीस समारंभ करता येत नाही, असे सांगतो. घडले ते सारे खोटे आणि निकाल तेवढा खरा. सरकारी फाइल बंद करायला त्याला तेवढे पुरेसे होते.